एका पैची चूक आणि माझे ध्यान

सद्गुरुकृपेने आलेला हा छोटा अनुभव साधक वाचकांपुढे ठेवतो. मी काही अधिकारी पुरुष नव्हे. बी.कॉम. झालेला, बँकेतून निवृत्त कारकून, मुक्काम खापा.

निवृत्तीनंतर ठरवले, रोज पहाटे तासभर ध्यान करायचे. आसन आणले, दत्तप्रभूंची तसबीर मांडली, उदबत्ती लावली. पण मन? दहा मिनिटांत पेन्शनपासून कन्हानच्या काठापर्यंत फिरून यायचे. त्यात कोणी हाक मारली की पारा चढायचा. शेवटी सौ. म्हणाली, "ध्यान करून उठता अन् आमच्यावरच चिडता. मग बसता काहून?" माझ्याजवळ उत्तर नव्हते.

तेव्हा नाथांची कथा आठवली. एकनाथ महाराज (१५३३-१५९९) देवगिरीला जनार्दनस्वामींची सेवा करीत. स्वामी किल्ल्याचा कारभार पाहणारे आणि थोर दत्तभक्त. हिशेबाचे काम नाथांकडे. एकदा एका पैचा मेळ बसेना. रात्र जागून चूक सापडली, तेव्हा आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. गुरू जागे झाले. पैच्या चुकीत जसे चित्त लावलेस तसे दत्तचरणी लाव, असा बोध त्यांनी केला, असे परंपरा सांगते.

कीर्तनात आपण हे कैकदा ऐकतो. मला ते कारकून म्हणून भिडले. ३१ डिसेंबरची सहामाही क्लोजिंग, हाताने लिहिलेली लेजरं. एकदा २७ रुपयांचा फरक आला. फरकाला ९ ने भाग गेला की बहुधा अंक उलटे पडलेत, हे आम्हाला पाठ. एकेका नोंदीवर टिक करत गेलो. रात्री अकराला सापडले, ८५ च्या जागी ५८! तोवर भूक कळली नाही, थंडी कळली नाही. घरी पोराला ताप होता, तोही आठवला नाही. हे लिहितानाही लाज वाटते. एवढे चित्त माझ्याजवळ होते. ते २७ रुपयांना दिले, देवाला नाही अन् पोरालाही नाही.

आता पद्धत बदलली. तास नाही, पंधराच मिनिटे. नामावरून मन सुटले की फरक आला समजायचे, आणि न रागावता शेवटच्या टिकमार्कपासून पुन्हा सुरुवात. लेजर जुळत नाही म्हणून आम्ही लेजरवर थोडेच चिडत होतो! हेच मग दिवसभर करून पाहतो, दाढी करताना, भाजी निवडताना, समोरचा बोलत असताना. हे शेवटचे सर्वात अवघड जाते. दत्ताची आरती नाथांचीच. तिच्या शेवटच्या कडव्यात मन विरून गेल्याची खूण आहे, आणि आपण नेमके तेच प्रसादाच्या घाईत उरकतो. मी ते आता सावकाश म्हणतो.

ध्यानात हाक आली तर उठतो, काम करतो, परत बसतो. काल दोनदा उठलो. सौ.ने विचारले, "झाली का टॅली?"

म्हटलं, "फरक आहे अजून."

ती हसली, अन् चहा ठेवायला गेली.