नोंद, आठवण आणि आधार

माजी सैनिक संघटना म्हटले की बहुतेकांना दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे १५ ऑगस्टला पदके लावून झेंडावंदनाला आलेले आजोबा, आणि दुसरी म्हणजे ७ डिसेंबरला खिशाला लावायचा छोटा ध्वज. या संघटनांची मुख्य कामे दोन आहेत. निवृत्त सैनिक, वीर नारी आणि त्यांच्या मुलांना आधार देणे हे कल्याणाचे काम. जे परत आले नाहीत त्यांची आठवण जपणे हे स्मरणाचे काम. ही कामे वेगवेगळी वाटतात, पण दोन्हींचा पाया एकच आहे : माणसाची नोंद आणि त्या नोंदीतले बरोबर नाव. या वर्षीच्या अभ्यास सहलीत आम्ही तंजावूरचा राजवाडा पाहिला. तिथे ही गोष्ट मला नीट समजली, म्हणून सुरुवात तिथून करतो.

तंजावूरमधील नोंदी

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्यापासून १८५५ पर्यंत तंजावूरला भोसल्यांची गादी होती. राजवाडा मुळात नायक राजांचा. मराठ्यांनी तो वाढवला. त्याच परिसरात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. तिथे तमिळ, संस्कृत, तेलुगू ग्रंथांबरोबर मराठी हस्तलिखिते आहेत. या दरबारचे कागद मोडीत लिहिलेले आहेत. दक्षिणेत राहूनही दरबारने हिशेब आणि नोंदी मोडीत ठेवल्या, म्हणून आज आपल्याला त्या काळाची माहिती मिळते.

राजवाड्यापासून जवळच बृहदीश्वर मंदिर आहे. तिथल्या भिंतीवर दुसरे सरफोजी राजे यांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. आम्ही तो बोट फिरवत वाचण्याचा प्रयत्न केला. आमचे तमिळ गाइड सुद्धा थांबून ऐकू लागले, कारण त्यांना त्या ओळी मराठी माणसाकडून ऐकायच्या होत्या.

याच सरफोजी राजांनी समुद्रकिनाऱ्यावर 'मनोरा' नावाचा उंच बुरूज बांधला. नेपोलियनच्या पाडावाची आणि इंग्रजांच्या विजयाची ती आठवण आहे. त्यावरच्या लेखात राजाचे नाव आहे, नेपोलियनचे आहे. ज्या शिपायांनी त्या लढाया केल्या त्यांची नावे नाहीत. त्या काळी जगात बहुतेक ठिकाणी असेच होते. विजयाचे स्मारक होई, शिपायाचे होत नसे.

आणखी एक गोष्ट मी वहीत लिहून घेतली. एकाच राजाचे नाव मराठीत सरफोजी, तमिळमध्ये सरबोजी, आणि इंग्रजीत निरनिराळ्या स्पेलिंगने लिहिलेले आढळते. राजाचे त्याने काही बिघडत नाही. जवानाच्या नावात मात्र एक अक्षर चुकले तरी त्याचे घर अडचणीत येते.

लढाईनंतरची यादी

आपल्याकडे सैनिक कल्याणाचा विचार जुना आहे. कृष्णाजी अनंत सभासद यांनी १६९७ च्या सुमारास जिंजी येथे शिवाजी महाराजांची बखर लिहिली. जिंजीसुद्धा तमिळनाडूतच आहे. अफझलखानाच्या लढाईनंतर महाराजांनी काय केले ते सभासद सांगतात. जे पडले त्यांच्या मुलांना सांभाळले. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मे वेतन लावून दिले. जखमींना जखम पाहून २०० होनांपासून २५ होनांपर्यंत रक्कम दिली.

ही व्यवस्था करायची तर आधी काय लागले असेल? कोण पडला, त्याच्या घरी कोण आहे, कोणाला किती लागले, याची यादी. यादी झाली तेव्हाच न्याय झाला.

आजची व्यवस्था

आज हे काम दोन बाजूंनी चालते. सरकारी बाजूला केंद्रीय सैनिक बोर्ड, राज्याचा सैनिक कल्याण विभाग आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. दुसऱ्या बाजूला माजी सैनिकांनी स्वतः चालवलेल्या संघटना आहेत. 'इंडियन एक्स-सर्व्हिसेस लीग' ही राष्ट्रीय संघटना १९६४ मध्ये स्थापन झाली. ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धानंतर सैनिकांच्या चार संस्था एकत्र येऊन १९२१ मध्ये 'ब्रिटिश लीजन' झाली. तिचे लाल पॉपीचे फूल आणि १९४९ पासूनचा आपला ध्वजदिन यांचा हेतू सारखाच आहे. लोकांनी आठवण ठेवायची आणि त्या आठवणीतून निधी उभा करायचा.

सरकार असताना संघटना कशाला, असे कोणी विचारेल. उत्तर असे की योजना आपोआप घरी येत नाही. जवानाला पेन्शनसाठी साधारण १५ वर्षांची सेवा लागते; त्याआधी बाहेर पडलेल्यांना सहसा पेन्शन नसते. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्याची संख्या २५ लाखांवर गेली होती. युद्ध संपल्यावर त्यातले लाखो जण पेन्शनशिवाय घरी परतले. हवालदार पदापर्यंतच्या, पेन्शन नसलेल्या ६५ वर्षांवरील गरजू माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा मदत मिळते. नोव्हेंबर २०२५ पासून ती ४००० वरून ८००० रुपये झाली. पण वाडीवर राहणाऱ्या सत्तर वर्षांच्या आजींना हे कोण सांगणार? अर्ज कोण भरणार? हे काम गावातला निवृत्त नाईक किंवा सुभेदार करतो.

आमच्या घरातले उदाहरण

माझे आजोबा पायदळात हवालदार होते. ते गेल्यावर आजीची कौटुंबिक पेन्शन सुरू व्हायला अकरा महिने लागले. कारण साधे होते. लग्नात आजीचे नाव बदलले. सेवेच्या कागदात सासरचे नाव होते आणि आधार कार्डावर माहेरचे. कार्यालयाच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या बायका होत्या. आजी म्हणायची, "चाळीस वर्षं संसार केला, आता मीच ती, हे कागदावर दाखवायचं!"

तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेतले एक सुभेदार साहेब घरी आले. त्यांनी प्रतिज्ञापत्र करून घेतले, राजपत्रात नावाची जाहिरात द्यायला लावली, अभिलेख कार्यालयाला अर्ज लिहिला आणि दर पंधरा दिवसांनी चौकशी केली. चहाशिवाय काही घेतले नाही. आई सांगते की त्या अकरा महिन्यांत आजीने औषधाच्या गोळ्या अर्ध्या करून घेतल्या. म्हणून मला हा विषय फक्त परीक्षेचा वाटत नाही.

स्मरणाचे काम

२५ फेब्रुवारी २०१९ रोजी दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारकाचे लोकार्पण झाले. तिथे स्वातंत्र्यानंतर वीरगती मिळालेल्या २५ हजारांहून अधिक जवानांची नावे ग्रॅनाइटवर कोरली आहेत. मनोऱ्यापासून या स्मारकापर्यंतचा बदल मला फार मोठा वाटतो. आधी विजय कोरला जात होता, आता माणूस कोरला जातो.

पण दिल्ली सर्वांना जवळ नाही. गावच्या चौकातला स्मृतिस्तंभ धुणे, पुण्यतिथीला शाळेतली मुले आणणे, वीरमातेला पहिल्या रांगेत खुर्ची देणे, ही कामे स्थानिक संघटना करतात. पुष्पचक्र वाहून झाल्यावर तिथेच कोणीतरी विचारतो, "काकू, हयातीचा दाखला दिला का? उपचाराचे कार्ड चालू आहे ना?" त्या क्षणी स्मरण आणि कल्याण एक होतात.

आपण काय करू शकतो

ज्या कॅडेटच्या घरी माजी सैनिक आहेत त्याने या सुट्टीत तीन गोष्टी कराव्यात. पहिली, सेवेचे कागद, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक समोर ठेवून आई किंवा आजीचे नाव व जन्मतारीख अक्षरशः जुळते का ते पाहावे. दुरुस्ती सैनिक हयात असताना सोपी असते. दुसरी, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा पत्ता घरात लिहून ठेवावा. तिसरी, गावच्या स्मृतिस्तंभावरची नावे वहीत उतरवून घ्यावीत आणि त्या घरी कोण आहे ते विचारावे.

आपल्यापैकी काही जण उद्या गणवेश घालतील. भरतीच्या दिवशी जो फॉर्म भरू, त्यातली वारसाची ओळ सर्वांत सुवाच्य अक्षरात लिहावी. ती ओळ पुढे आपल्या घरच्या माणसांना वाचावी लागणार आहे.