वायर ओढण्याआधी

उमरखेड

चि. बाळ्यास,


काल बाजारात होल्डर घ्यायला गेलो, तर दुकानदार म्हणाला, "तुमच्या भाच्याने चारची अन् अडीचची वायर परत पाठवली. सगळं घर एक एमएममध्ये उरकायचं म्हणतो." मला तिथेच घाम फुटला. सगळं घर म्हणजे ताईच्या खोलीतला एसीसुद्धा का रे?

पुण्यात बसून फोनवर घर बांधतोस, सिमेंट-सळईने तुला पिळून काढलंय, सगळं ठाऊक आहे मला. पण कात्री लावायला तुला नेमकी भिंतीच्या आतली वस्तू सापडावी?

वायरमनचा हिशेब मी न विचारता सांगतो. एक एमएमची तांब्याची वायर दहा-अकरा अँपिअर सोसते, दीड टनाचा एसी सात-आठ घेतो, मग अडलं कुठे? अडतं ते आपल्या मे महिन्यात. कंपनीचा आकडा ठरावीक तापमान धरून काढलेला असतो. इथे दुपारी पारा 43-44 वर, स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला, त्यात एकाच पाइपात चार-सहा वायरी कोंबलेल्या. वरचं पीव्हीसीचं आवरण 70 अंशांपर्यंतचंच. कोणी त्याच लाइनवर 1000 वॉटची इस्त्री लावली, की आणखी चार अँपिअर चढले.

खरी भीती पुढेच आहे. एसीच्या लाइनला 20 ची एमसीबी टाकतात. ती एसी राखायला नसते, वायर राखायला असते. 20 च्या आत ती गप्प बसणार आणि बारीक वायर आतल्या आत भाजत राहणार. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. पोफाळीच्या कारखान्यात जळक्या मोटारी उघडताना हे मी रोज बघितलंय. आणि ताईचा स्वभाव तुला माहीत आहे. जळका वास आला तरी म्हणेल, शेजारी फोडणी करपली असेल!

जुन्या घरात देवघरामागची काळी भिंत आठवते ना? ती समईने काळी झाली नव्हती. ॲल्युमिनियमची वायर होती, कूलर लावला की फ्यूज उडायचा, म्हणून आप्पांनी त्यात जाड तार पिळली. मी नुकताच आयटीआय करून आलो होतो, मला सगळं कळत होतं. पण आप्पांपुढे तोंड उघडायची छाती कोणाची? उन्हाळा होता, सगळे अंगणात झोपले होते, म्हणून निभावलं. तेव्हा गप्प बसलो ते अजून सलतं. तुझ्यापुढे तरी बोलू दे.

पैसे वाचव, नाही कोण म्हणतो? हॉलमधल्या फॉल्स सीलिंगचे निम्मे दिवे काढ. वायरमन पॉइंटच्या भावाने मजुरी घेतो, तीही कमी होईल. उंची स्विच मागाहून येतील. दिवे-पंख्यांना दीडच्या वर लागत नाही. डीबीची पेटी फाटकाजवळ कशाला? जिन्याखाली, घराच्या मधोमध घे, प्रत्येक लाइनची लांबी घटते. मोठ्या सॉकेटला अडीच, गीझरला आणि एसीला चार, दोन्हींच्या लाइनी डीबीपासून वेगळ्या. चारमध्ये एकच्या चौपट तांबं, म्हणून ती महाग. पण एसीपर्यंत अंतर बारा-पंधरा मीटर, त्याला काही तीन-तीन बंडलं लागत नाहीत. बंडलावर आयएसआयचा शिक्का आणि आयएस 694 हा आकडा बघून घे. हिरवी, अर्थिंगची वायर गाळलीस तर वास्तुशांतीला मी येणार नाही.

येईन रे. न येऊन कसं चालेल?

भाऊजींच्या मागे, तिशीच्या आत, तू आईसाठी घर उभं करतोयस. आमच्या वेळी इतकी धमक आमच्यात कोणातच नव्हती. पैसे अडले होते तर मामाला सांगायला लाज कसली? गीझर आणि एसीची वायर मी माझ्या नावावर लिहायला सांगितली आहे. मामाचा आहेर समज. परत केलास तर मला वाईट वाटेल.

शनिवारी वायरमन येईल तेव्हा मी छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन तिथे बसणार आहे. ताई म्हणते, तू फार वाळलास. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर हिशेब करत बसतोस. ते बंद कर, वेळेवर जेवत जा. आणि शुक्रवारच्या आत वायरमनला एक फोन करून सांग, मामा म्हणतील तसं कर.

तुझा,
मामा