मुरुमांचं मलम निवडताना

अगं, आधी ती नखं गालावरून खाली घे. मुरूम एकदा फोडला की डाग महिनोन्‌महिने राहतो. तुला कुणी ट्रेटिनॉइन सुचवलंय, कुणी ॲडॅपलीन, आणि आता काय घ्यावं ते तुला कळेना. ऐक मग.

ही दोन्ही रेटिनॉइडच, म्हणजे जीवनसत्त्व 'अ'च्या गोतावळ्यातली. मुरूम वर दिसायच्या कितीतरी आधी त्वचेच्या छिद्रात मृत पेशी आणि तेल साचून बूच बसलेलं असतं. रेटिनॉइड ते बूच बसूच देत नाही. म्हणून ते आलेल्या पुटकुळीवर टिकलीसारखं लावायचं नसतं. मुरूम येतात तो सगळा भाग घ्यायचा.

ट्रेटिनॉइन यातलं जुनं. अमेरिकेत 1971 साली मुरुमांसाठी मान्यता मिळाली. औषध उत्तम, पण चेहरा लाल होतो, सोलवटतो, आणि साधं ट्रेटिनॉइन उजेडात निकामी होत जातं. ॲडॅपलीन नव्वदच्या दशकातलं. त्याचं 0.1 टक्क्याचं जेल 0.025 टक्के ट्रेटिनॉइनच्या जवळपास तेवढंच काम करतं आणि जळजळ मात्र कमी. शिवाय ते बेंझॉइल पेरॉक्साइडबरोबर नांदतं. दोन्ही एकाच ट्यूबमध्येही मिळतात. तिसरं एक रेटिनॉइड आहे, टाझारोटीन. ते जास्त जहाल, सुरुवातीला नकोच.

माझं मत विचारशील तर तुझ्या एवढ्याशा मुरुमांना ॲडॅपलीन. आपली सावळी-गव्हाळ कातडी जरा चिडली की काळे डाग धरते. जास्त झोंबणारं औषध म्हणजे जास्त गुणकारी, असं मुळीच नाही गं.

रात्री तोंड धू, पूर्ण कोरडं होऊ दे आणि मटारच्या दाण्याएवढंच जेल सगळ्या चेहऱ्याला पातळ लाव. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठ सोड. पहिले दोन आठवडे एक रात्र आड लाव, वरून साधं मॉइश्चरायझर. सकाळी सनस्क्रीन, पावसाळ्यातसुद्धा. वॅक्सिंग किंवा ब्लीच करायचं असेल तर आधी काही दिवस हे बंद ठेव, नाहीतर साल निघेल.

सुरुवातीला मुरूम वाढल्यासारखे वाटतील. खरा फरक आठ ते बारा आठवड्यांनी दिसतो. नेमकं तिसऱ्या आठवड्यात सोडून द्यावंसं वाटेल, तेव्हा मला फोन कर.

एका गोष्टीची मात्र मला खरंच भीती वाटते. दुकानात 'गोरं करणारी' म्हणून जी क्रीम सर्रास दिली जातात, त्यांतल्या काहींत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनच्या जोडीला स्टिरॉइड असतं. थोड्या दिवसांत चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाली चढते, मुरूम उसळतात, आणि क्रीम सोडलं की सगळं दुप्पट. ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल दिसलं तर ती चेहऱ्याला लावू नकोस.

आणि वहिनीला तुझं जेल देऊ नकोस हं, ती बाळाचा विचार करतेय. गरोदरपणात रेटिनॉइड वापरत नाहीत, टाझारोटीन तर अजिबातच नाही.

शनिवारी त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊ, मी येते बरोबर. सध्या तोंडाला जे जे लावतेस त्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून आण. डॉक्टरांना त्या बघू देत.