मागून आणलेली गाडी : अमानत, भाडे आणि विम्याचे दायित्व

मे महिना लागला की रत्नागिरी जिल्ह्यातील मुस्लिम मोहल्ले माणसांनी भरून जातात. कुवेत, दुबई, मस्कत येथे नोकरीस असलेले आप्त रजेवर येतात, लग्ने ठरतात, आजोळी जाणे होते. खेड, चिपळूण, दापोली, राजापूर असा प्रवास सुरू होतो आणि प्रत्येकाला गाडी हवी असते. मोहल्ल्यात ज्याच्या दारी सात आसनांची मोटार उभी आहे, त्याच्याकडे निरोप जातो : चार दिवस द्या, जे काही असेल ते देऊ. गाडीची किल्ली हाती येते. कागदपत्रे कोणी मागत नाही आणि कोणी दाखवतही नाही. ‘घरचीच गाडी आहे’ या एका वाक्यात सारा करार आटोपतो.

दिव्य कुरआनात सूरह माइदाचा प्रारंभच करार पूर्ण करण्याच्या आदेशाने झाला आहे, आणि सूरह निसाच्या अठ्ठावन्नाव्या आयतीत अमानती त्यांच्या हक्कदारांच्या स्वाधीन करण्याची आज्ञा आहे. दुसऱ्याची गाडी हाती येणे ही अमानत आहे, हे आपण सारेच मान्य करतो. परंतु ती कोणत्या स्वरूपाची अमानत आहे, आणि तिचे नुकसान झाल्यास कोणी काय सोसायचे, हा प्रश्न अपघात होईपर्यंत कोणाच्या मनात येत नाही. या लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

इस्लामी फिकाहमध्ये दुसऱ्याची वस्तू वापरण्यास घेण्याचे दोन मार्ग वेगळे मानले आहेत. मोबदला न घेता वापरास दिलेली वस्तू म्हणजे ‘आरियत’. ठरलेल्या मोबदल्यावर ठरलेल्या मुदतीसाठी दिलेली वस्तू म्हणजे ‘इजारा’. आपल्या वापरापुरते इंधन आपण भरले म्हणून आरियतीचा इजारा होत नाही. दिवसामागे अमुक रुपये ठरले, मग ते ‘भाडे’ म्हणून द्या की ‘चहापाण्याचे’ म्हणून, व्यवहार इजाऱ्याचाच झाला. नाव बदलल्याने हुकूम बदलत नाही. दोघांनी ‘जे काही असेल ते’ असे मोघम ठेवणे तर त्याहून वाईट, कारण इजाऱ्यात मोबदला आणि मुदत दोन्ही माहीत असणे ही मूलभूत अट आहे.

आरियतीच्या संदर्भात हजरत सफवान बिन उमय्या (रजि.) यांचा प्रसंग हदीसग्रंथांत आला आहे. हिजरी सन ८ मध्ये हुनैनच्या मोहिमेच्या वेळी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांच्याकडून चिलखते मागून घेतली. सफवान तोपर्यंत मुसलमान झालेले नव्हते. मक्का नुकतीच जिंकली गेली होती, आणि जेत्याने मागितलेली वस्तू म्हणजे जप्तीच, असे कोणालाही वाटावे असा तो काळ होता. त्यांनी तसे विचारलेही. त्यावर प्रेषितांनी (स.) सांगितले की ही बळजबरी नाही, परतीची हमी असलेली उसनवारी आहे. पुढे काही चिलखते हरवली तेव्हा प्रेषितांनी (स.) भरपाई देऊ केली. सफवान यांनी ती घेतली नाही. त्या दिवशी मनात जे नव्हते ते आज आहे, असे त्यांचे उत्तर होते, कारण तोवर इस्लाम त्यांच्या हृदयात उतरला होता.

याच हदीसच्या आकलनावरून इमामांमध्ये मतभेद झाला, आणि तो आपल्या जिल्ह्यासाठी केवळ ग्रंथांतील मतभेद नाही. कोकणी मुसलमान परंपरेने इमाम शाफिई (रह.) यांच्या मजहबचे अनुयायी आहेत, तर घाटावरील बहुतेक मुसलमान हनफी आहेत. शाफिई मतानुसार उसनी घेतलेली वस्तू परवानगीच्या वापरात झिजली तर झीज माफ आहे, पण अन्य कारणाने ती नष्ट झाली तर घेणाऱ्याची चूक नसतानाही त्याने तिचे मूल्य भरावे लागते. हनफी मतानुसार उसनी वस्तू ही अमानत आहे. घेणाऱ्याने मर्यादा ओलांडली किंवा निष्काळजीपणा केला, तरच तो जबाबदार ठरतो. समजा, राजापूरच्या शाफिई भाच्याने कोल्हापूरच्या हनफी मामूंची मोटार उसनी आणली आणि रात्री दारात उभी असताना ती चोरीस गेली. दोघेही दीनदार, दोघेही आपापल्या मजहबनुसार बोलणार. भाचा म्हणेल ‘मी भरून देणे लागतो’, आणि मामू म्हणतील ‘तू काहीच देणे लागत नाहीस’. हा वाद तरी गोड आहे. याच्या उलट झाले, म्हणजे गाडी शाफिई मामूंची आणि भाचा हनफी असला, तर नाते तुटायला वेळ लागणार नाही. म्हणूनच जबाबदारी कोणाची, हे किल्ली घेतानाच बोलून ठेवावे.

इजाऱ्यात मात्र चारही मजहबांचा सूर जवळजवळ एक आहे. भाड्याने घेतलेली वस्तू घेणाऱ्याच्या हाती अमानत असते, आणि निष्काळजीपणा किंवा अटींचा भंग झाल्याशिवाय तो नुकसानीस जबाबदार नसतो. मालक भाड्याचा लाभ घेतो, म्हणून मालकीचा धोकाही त्याचाच. यामुळे आपल्याकडे सर्रास म्हटले जाणारे ‘भाडे इतके, आणि गाडीला काही झाले तर सगळे तुमच्यावर’ हे वाक्य शरीअतच्या दृष्टीने टिकत नाही. मालकाला आपली गाडी सुरक्षित हवी असेल तर तिच्या संरक्षणाची तजवीज त्याने स्वतः करायची आहे. त्याचा खर्च डोळ्यासमोर ठेवून भाडे ठरवण्यास कोणतीही हरकत नाही.

आता देशाचा कायदा पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक रस्त्यावर येणाऱ्या वाहनाला त्रयस्थ व्यक्तीच्या हानीचा विमा असणे सक्तीचे आहे. तो नसताना वाहन चालवणे किंवा चालवू देणे हा गुन्हा असून २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. ‘चालवू देणे’ हे शब्द गाडीमालकांनी लक्षात ठेवावेत.

पण विमा आहे म्हणजे सर्व काही आहे, असेही नव्हे. एमएच ०८ ची पांढरी पाटी असलेल्या खाजगी मोटारीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात, आणि त्यांत भाड्याने किंवा मोबदल्यावर वापर वगळलेला असतो. गाडी मोबदला न घेता उसनी दिली आणि चालवणाऱ्याकडे त्या वर्गाचे वैध लायसन्स असले, तर पॉलिसी सामान्यतः लागू राहते, कारण मालकाच्या परवानगीने चालवणारा तिच्यात धरलेला असतो. तीच गाडी दिवसाला अडीच हजार घेऊन दिली की पॉलिसीची अट मोडली. शिवाय परमिटशिवाय भाड्याने वाहन चालवल्याबद्दल १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे ती वेगळीच.

अशा गाडीखाली एखादा पादचारी सापडला तर काय होते? अटीच्या भंगाचा बचाव विमा कंपनी न्यायाधिकरणापुढे मांडते. अनेक प्रकरणांत न्यायालये कंपनीला पीडिताची रक्कम आधी द्यायला लावतात आणि नंतर ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. म्हणजे चार दिवसांच्या दहा हजारांसाठी मालक आपले घर आणि आंब्याची बाग पणाला लावत असतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीबाबत २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाड्याने वापरलेल्या एका खाजगी मोटारीच्या प्रकरणात दावा पूर्णपणे नाकारू न देता काही रक्कम मंजूर केली होती, हे खरे. परंतु त्यासाठी कायद्याची केवढी पायपीट करावी लागते, हे कोर्टाची पायरी चढलेल्यांना विचारावे.

उसनी गाडी चालवणाऱ्यानेही एक गोष्ट जाणून घ्यावी. २००९ आणि पुन्हा २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मागून घेतलेल्या मोटारसायकलींच्या प्रकरणांत हे तत्त्व सांगितले की वाहन उसने घेणारा हा मालकाच्याच जागी उभा असतो. त्यामुळे तो स्वतः दगावल्यास त्याचे वारस त्याच वाहनाच्या विम्याकडे ‘त्रयस्थ’ म्हणून भरपाई मागू शकत नाहीत. पॉलिसीत मालक-चालकासाठी जे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, ते मुळात नोंदणीकृत मालकासाठी आहे. आणि पॉलिसी केवळ सक्तीच्या त्रयस्थ विम्याची असेल, तर खाजगी मोटारीत बसलेल्या आप्तांनाही सामान्यतः तिचे संरक्षण नसते. वऱ्हाड भरून नेणाऱ्याने हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

येथे वाचक बंधू-भगिनी विचारतील की मुळात विमा तरी जायज आहे काय? जेद्दास्थित आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकाह अकादमीने डिसेंबर १९८५ च्या अधिवेशनात निर्णय दिला की ठरावीक हप्त्याच्या व्यापारी विम्यात करार बिघडवणारी मोठी अनिश्चितता, म्हणजे ‘गरर’ आहे, म्हणून तो निषिद्ध आहे. परस्परसाहाय्यावर उभा असलेला सहकारी विमा हा त्याचा पर्याय आहे. मदीनेच्या करारात प्रत्येक कबिल्याने आपल्या लोकांची रक्तभरपाई मिळून देण्याची जी व्यवस्था नमूद होती, तिच्याशी या सहकारी कल्पनेचे नाते अनेक अभ्यासकांनी दाखवले आहे. आपल्या देशात मोटारीसाठी असा तकाफुलचा पर्याय हाताशी नाही. कायद्याने सक्तीचा असलेला त्रयस्थ विमा लाचारीपोटी घेण्यास येथील उलेमांनी परवानगी दिली आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा ऐच्छिक विमा हा मतभेदाचा विषय आहे, आणि त्याबाबत ज्याने त्याने आपल्या विश्वासातील आलिमांना विचारावे.

मात्र या परहेजगारीचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. जो दीनदार मालक केवळ सक्तीचाच विमा घेतो, त्याच्या गाडीचे नुकसान कोणतीही कंपनी भरून देणार नाही. अशी गाडी एखाद्या शाफिई आप्ताने उसनी नेली, तर साऱ्या किमतीचा बोजा त्या आप्तावर येतो, आणि त्याला हे ठाऊकही नसते. ठाऊक असते तर कदाचित त्याने किल्ली घेतलीच नसती. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा दाखवून देणाऱ्या प्रेषितांनी (स.) दोष झाकणाऱ्याबद्दल किती कडक शब्द उच्चारले, हे आपण खुत्ब्यात ऐकतो. गाडीचे ब्रेक जसे सांगायचे, तशी पॉलिसीही सांगायची. २०१८ च्या सप्टेंबरनंतर विकल्या गेलेल्या नव्या मोटारींचा त्रयस्थ विमा तीन वर्षांचा असतो, पण गाडीच्या नुकसानीचा विमा बहुधा वर्षाचाच असतो. ‘तीन वर्षांचा विमा आहे’ असे प्रामाणिकपणे सांगणारा मालकही त्यामुळे चुकीचे सांगून जातो.

सर्वांत मोठी कसोटी अपघातानंतर लागते. परशुराम घाटात गाडी कठड्याला धडकली, की पहिला फोन मालकाला जातो आणि पहिला सल्ला हाच मिळतो : भाड्याचे नाव काढू नका, मित्राची गाडी म्हणा. कधी चालवणारा बदलला जातो, कारण ज्याच्या हाती चाक होते त्याचे लायसन्स संपलेले असते. जबाबावर सही होते. खोटी साक्ष ही शिर्कच्या पाठोपाठ सांगितलेल्या महापापांपैकी आहे, आणि कंपनी मुसलमानांची नाही किंवा व्याजाचे व्यवहार करते म्हणून तिच्याशी खोटे बोलणे हलाल होत नाही. करार कोणाशीही असो, तो करारच असतो. सफवान चिलखत देताना मुसलमान नव्हते, तरी भरपाई देऊ केली गेली होती.

वाहतुकीचे नियम पाळणे हे केवळ सरकारी काम आहे, असा समज असल्यास तोही दूर करावा. याच फिकाह अकादमीने १९९३ च्या अधिवेशनात शरीअतशी विसंगत नसलेले वाहतूक नियम पाळणे दीनच्या दृष्टीनेही बंधनकारक ठरवले, आणि चालकाच्या हातून इतरांना झालेल्या हानीची जबाबदारी त्याच्यावर ठेवली.

मग भाड्याने गाडी लागलीच तर काय करावे? पिवळी पाटी आणि परमिट असलेली टॅक्सी चालकासह घ्यावी, किंवा स्वतः चालवायची असल्यास परवानाधारकाकडून काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली गाडी घ्यावी. तिची पॉलिसी भाड्याच्या वापरासाठीच काढलेली असते. राज्याचे कॅरव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आल्यापासून झोपण्या-जेवण्याची सोय असलेल्या गाड्यांचेही आकर्षण वाढले आहे. गुहागर-गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर अशी गाडी एखाद्या खाजगी मालकाकडून परस्पर घेणाऱ्याला हेच सारे लागू आहे, उलट गाडी महाग असल्याने अधिकच. इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या आपल्या कोकणी कुटुंबांनीही मालकाची साधी खाजगी पॉलिसी भाड्याच्या दिवसांना लागू आहे असे गृहीत धरू नये. त्या दिवसांचा स्वतंत्र विमा लेखी पाहावा.

आणि उसनी घ्यायची तर खरोखर उसनीच घ्यावी. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण आहे. तिला अनुसरून एका कागदावर तारीख, किती दिवस, कोण चालवणार, नुकसान कोणी सोसायचे आणि पॉलिसीची मुदत लिहून दोघांनी सह्या कराव्यात. चुलत्याकडून सही मागायला संकोच वाटतो, हे मान्य. पण मालकावर निघालेली वसुली ही कर्जच असते, आणि सूरह निसाच्या अकराव्या आयतीनुसार मय्यताच्या मालमत्तेतून कर्ज फेडल्यावरच वारसांचे हिस्से होतात. त्या चुलत्याच्या मुलींच्या वाट्याला काय उरेल, हे कधीकधी त्या एका कागदावर अवलंबून असते.