पर्वतावरील जीवांचे माप

फिरऔनने जेव्हा विचारले की तुमचा पालनकर्ता कोण, तेव्हा प्रेषित मूसा (अ.) यांनी दिलेले उत्तर सूरह ताहामध्ये आले आहे. प्रत्येक वस्तूला तिची घडण देणारा आणि त्यानंतर तिला मार्ग दाखवणारा, असा त्या उत्तराचा आशय आहे. घडण आणि मार्गदर्शन या दोन्ही गोष्टी उंच पर्वतांवर फार स्पष्ट दिसतात. कारण तेथे चुकीला जागा नसते.

सुमारे 5500 मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच राहते, पण हवाच विरळ झाल्याने प्रत्येक श्वासात तो निम्माच मिळतो. (सूरह अल्-अनआममध्ये आकाशात चढणाऱ्याच्या आवळलेल्या छातीची उपमा आहे. काही वक्ते तिला वायुशास्त्राचा पुरावा म्हणून मांडतात. मला तो आग्रह रुचत नाही. त्या आयतीचा विषय मनुष्याचे हृदय आहे.)

मैदानातील गाय अशा उंचीवर नेली, तर तिच्या फुफ्फुसातील रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर ताण येतो, छातीपुढचा भाग सुजतो आणि कधी ती दगावते. याक तिचाच जवळचा नातलग. पण त्याच्या फुफ्फुसातील रक्तवाहिन्यांच्या भिंती पातळ असतात आणि त्या तशा आकसत नाहीत. त्याची फुफ्फुसे व हृदय शरीराच्या मानाने मोठे, अंगावर दाट लोकर. मात्र हाच याक खाली उष्ण प्रदेशात आणला की धापा टाकू लागतो. त्याला मिळालेली देणगी त्या ठिकाणापुरती मोजून दिलेली आहे. सूरह अल्-कमरमध्ये प्रत्येक वस्तू एका मापाने निर्माण केल्याचा उल्लेख आहे, तो वाचताना मला हा प्राणी आठवतो.

वनस्पतींचेही तसेच. पूर्व हिमालयात 4000 मीटरच्या वर, हकीम लोकांच्या परिचयाच्या रेवंदचिनीच्या कुळातील एक झाड उगवते. आसपासची वनस्पती जमिनीला चिकटून असताना हे पुरुषभर उंच उभे राहते. त्याच्या फुलांवर फिकट पिवळी, अर्धपारदर्शक पाने कौलांसारखी झाकलेली असतात. ती उजेड आत सोडतात, घातक अतिनील किरण बरेचसे अडवतात आणि पावसापासून परागकण वाचवतात. आत बाहेरच्यापेक्षा ऊब असते. एक बारीक माशी त्या उबेत अंडी घालते, तिच्या अळ्या काही बिया खातात; मोबदल्यात परागीकरण तीच करते. त्या निर्मनुष्य उतारावर हा व्यवहार कोणाच्या देखरेखीवाचून चालू आहे.

आता हवामान तापत आहे. आल्प्सच्या शिखरांवर वर्षानुवर्षे केलेल्या नोंदींत खालच्या वनस्पती वर सरकलेल्या आढळल्या आहेत. जे जीव आधीच माथ्यावर आहेत, त्यांना सरकायला वर जागा नाही. भूमीवरील प्राणी व पक्षी हे तुमच्यासारखेच समुदाय आहेत, असा अर्थ कुरआनमध्ये आला आहे; मग हे माप बिघडवणाऱ्या धुरात आपला वाटा किती, हा प्रश्न धर्माबाहेरचा कसा म्हणावा?

हिमालय दूर वाटत असेल, तर पट्टकादंब पाहा. हा करडा हंस तिबेट, मंगोलिया आणि लडाखच्या पठारांवर वीण करतो व हिवाळ्यात जायकवाडीच्या नाथसागरावर, उजनीच्या भिगवणला उतरतो. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, ही त्याची खूण. हिमालय ओलांडताना तो 7000 मीटरांहून वर गेल्याची नोंद आहे. त्याच्या रक्तातील लाल द्रव्याची घडण थोडी निराळी असल्याने विरळ हवेतूनही ते प्राणवायू घट्ट धरते. स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे दाट असते. घडणीबरोबर मार्गदर्शनही आहे: तो डोंगराच्या चढउताराप्रमाणे वर-खाली होत उडतो आणि पुष्कळदा रात्री किंवा पहाटे, जेव्हा हवा गार व दाट असते.

परतीच्या प्रवासाची चरबी तो आपल्याकडच्या काठांवर आणि शेतांत चरून साठवतो. फेब्रुवारीत तेथे गेलात, तर छायाचित्रासाठी थव्याला उठवू नका. मुलांनाही दगड मारू देऊ नका.