चमक आणि खरखर

मृगाच्या पावसाआधी परभणीच्या शिवारावर ढग दाटून येतात. अशा सायंकाळी घरात बसून, सेलवर चालणारा जुना, मध्यम लहरींचा रेडिओ लावून पाहा. परभणीच्या आकाशवाणी केंद्राचे कार्यक्रम मराठवाड्यातील कित्येक कुटुंबांनी अशाच रेडिओवर ऐकले आहेत. दूर क्षितिजावर वीज चमकली, की त्याच क्षणी रेडिओ खरखरतो. गडगडाट मात्र मागाहून, सावकाश येतो. असे का व्हावे?

गडगडाट हा ध्वनी आहे. एक किलोमीटर अंतर तोडण्यास त्याला सुमारे तीन सेकंद लागतात. चमक आणि खरखर घेऊन येणाऱ्या लहरी मात्र सेकंदाला सुमारे 3 लक्ष किलोमीटर धावतात. त्या दोघी बरोबरच पोचतात, कारण त्या सख्ख्या बहिणी आहेत. एकीला डोळा ओळखतो, दुसरीला रेडिओ. दोघींनाही विद्युतचुंबकीय लहरी म्हणतात. भेद आहे तो तरंगलांबीचा, म्हणजे लहरीच्या एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतच्या अंतराचा. मध्यम लहरी शेकडो मीटर लांब असतात. तांबड्या प्रकाशाच्या लहरी मात्र एका मिलिमीटरात हजाराहून अधिक मावतात. (चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांहून कमी वेळ जाऊ लागला, तर शेतातील माणसाने झाडाचा आसरा न घेता पक्के घर गाठावे. मराठवाड्यात विजेने दगावणारी माणसे बहुधा शिवारातच असतात.)

या कुटुंबात आणखीही भावंडे आहेत. 1800 साली विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने लोलकातून सूर्यप्रकाश पाडला आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते, तिथे पारा सर्वांत अधिक चढला! हे अवरक्त किरण. चुलीवरून उतरलेला तवा काळाच दिसतो. तरी त्याच्या बाजूला हात धरला की धग लागते, ती यांचीच. पुढच्याच वर्षी रिटर याने जांभळ्या रंगापलीकडे चांदीचा क्षार ठेवला, तो भराभर काळवंडला. तेथे जंबुपार, म्हणजेच अतिनील किरण सापडले. त्यांच्याही पलीकडे क्ष-किरण व गॅमा किरण असतात. लहर जितकी आखूड, तितका तिचा मारा तीव्र. म्हणूनच रुग्णालयात क्ष-किरणांचे चित्र घेणारा कर्मचारी आडोशामागे उभा राहतो. रेडिओलहरी आणि अवरक्त किरण यांच्या मधोमध सूक्ष्मलहरी येतात.

प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर असावी, हे मॅक्सवेल याने 1860 नंतरच्या दशकात केवळ गणिताने ताडले. तो 1879 साली वारला. पुढे आठ-नऊ वर्षांनी हर्ट्‌झ याने प्रयोगशाळेत ठिणगी पाडून अशा लहरी उत्पन्न केल्या व दूर ठेवलेल्या तारेच्या कड्यात पकडल्या. ती ठिणगी म्हणजे एक चिमुकली वीजच होती.

आपल्या राज्यात पुणे जिल्ह्यातील खोडद येथे अशा लहरी टिपण्यासाठी तीस प्रचंड तबकड्या उभ्या आहेत. प्रत्येकीचा व्यास 45 मीटर आहे. दूरच्या आकाशगंगांतील हायड्रोजन वायूच्या रेडिओलहरी त्या टिपतात, आणि त्यासाठी त्यांना रात्र व्हावी लागत नाही, की आभाळ निरभ्र असावे लागत नाही.