स्वस्त फळी, पण वाकणारी नको

प्रश्न : पुस्तकांसाठी भिंतीवर फळ्या घरीच बसवायच्या आहेत. स्वस्तातला पार्टिकल बोर्ड चालेल का?

उत्तर : पुस्तकांसाठी नको. बचत जरूर करा, पण ती कापणीत करा, जाडीत नव्हे. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे १२ मिमीपेक्षा १८ मिमीचे प्लायवूड तिपटीहून अधिक ताठ असते. पार्टिकल बोर्ड सततच्या वजनाने हळूहळू वाकतो, पावसाळी दमटपणाने फुगतो आणि त्यात स्क्रूची पकडही सैल पडते. प्लायवूड महाग पडते हा आक्षेप खरा. पण ८ × ४ फुटांच्या एका शीटमधून १० इंच रुंद आणि सुमारे ३२ इंच लांब अशा १२ फळ्या निघतात. कापणी दुकानातच करून घ्या. वरच्या थराचे रेषे फळीच्या लांबीच्या दिशेने असू द्या.

आणखी जाड फळी घेतली की झाले, असेही नाही. आधारांतले अंतर कमी करणे अधिक स्वस्त पडते, म्हणून ब्रॅकेट २४ इंचांवर लावा. भिंतीत स्क्रू धरणारी गिट्टी प्लास्टरमध्ये न थांबता विटेत पोचली पाहिजे. हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतीला त्यासाठीचीच गिट्टी घ्या. पैसे कमी पडले तर फळ्या कमी करा, ब्रॅकेट नव्हे.